‘मी हटत नाई’ म्हननारा तो मीच

माहं नाव धम्मदीप. अमरावतीत एका कॉलेजच्या ऑफिसात मी क्लार्क आहो. पोट्ट्याईले टीसी देनं, बोनाफाईड देनं, अन् साहेब जेवाले गेले आहेत असं सांगनं, हे माहं काम. असा मानूस हार्ड रॉक गातो म्हटलं तं तुमी हसान. हसाच. माही बायको, माया तिचं नाव, लग्न झाल्यापासून हसूनच राह्यली.

पन ज्या गान्याबिगर आमच्या वऱ्हाडात वरात मांडवात शिरत नाई, कबड्डीची फायनल सुरू होत नाई, अन् राजापेठेतल्या क्लासवाल्याईची जाहिरात पुरी होत नाई, ते ‘मी हटत नाई’ गानं माह्याच गळ्यातून निंघालेलं आहे. कोनी मानत नाई ते सोडा. मलेई कधी कधी पटत नाई.

झालं असं, का कॉलेजात असताना आमी चार-पाच पोट्ट्यांनी बँड काढला. बँड म्हटल्यावर माही माय केशरबाई खुश झाली. तिले वाटलं लाल कोट, पिपानी अन् लग्नाच्या सीझनले काम. मी तिले समजावलं का हे तसं नाई, हे हार्ड रॉक आहे, विदेशात चालते. ती म्हने, “मंग विदेशात जाऊन बोंबल नं, इथं काहून बोंबलतं?” बँडचं नाव ठेवलं ब्लॅक सॉइल. केसं खांद्यापोत वाढवले. अमरावतीच्या मे महिन्यात रेक्झिनचं काळं जॅकेट घालून आमी कॅन्टीनमंदी बसो. पाठीवर घामोळ्या अशा का खाजवता खाजवता गिटार हातातून पडे, पन स्टाईल सोडली नाई. आमच्या बोलीत येडपटाले बह्याड म्हनतात, तो शब्द आमच्याचसाठी तयार झाला असावा.

गिटार वाजवे तो जीवन. दर्यापूरचा, माहा जिगरी. आता त्याचं तिथं मोबाईलचं दुकान आहे. त्याच्या वळखीनं आमाले किसनराव भेटले. किसनराव अकोल्याचे. मंडप, गाद्या अन् लाउडस्पीकर भाड्यानं द्याचा त्याईचा धंदा. दुसऱ्याच्या कार्यक्रमाले लायटिंग करू करू त्याईले एक दिवस वाटलं, का आपलाई एखादा कार्यक्रम असला पाहिजे. त्याईनं वऱ्हाडी सिनेमा काढला. नाव, ‘आडवा येशीन तं’. त्यात एक पयलवान गावच्या सावकाराले आडवा येते, सावकार त्याले आडवा येते, अन् शेवटी दोघंई आडवे पडतात. अशी एकूण स्टोरी.

सिनेमाच्या शेवटी नावं येतात तेव्हा वाजवाले एक कडक गानं पाहिजे होतं. “विलायती पाहिजे, पन आपल्या मानसाले समजलं पाहिजे,” किसनराव म्हनले. मी बोल लिवले: ‘आभाळ कोसळो, भुई फाटो, मी हटत नाई.’ त्याच्या खाली अजून दोन कडवे होते, त्यात बंड, अंधार, साखळदंड असं सगळं सामान भरलं होतं. ते कडवे आजपोत कोनी ऐकले नाई. लोकं पहिल्या ओळीवरच नाचाले लागतात.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी जीवनच्या भावाचं लग्न होतं. वरातीत मी एवढा बोंबललो, का सकाळी उठलो तं आवाजच गायब. निंघे ते फक्त खरखर. अकोल्याचा स्टुडिओ म्हन्जे फोटोवाल्याच्या मांगची खोली. फॅनचा आवाज येते म्हनून फॅन बंद. मी हातवारे करून सांगतलं का आज जमत नाई, घसा गेला. किसनराव म्हनले, “स्टुडिओ आजच भेटला. जसा आहे तसा गाय.” मी गायलो. डिझेल संपत आलेलं इंजिन जसं ठोके मारते, तसा माहा आवाज आला.

त्यात आमचा ड्रमवाला आलाच नाई. त्याच्या घरी पावने आले होते. किसनरावांनी आपल्या मंडपावर वाजवनारा एक धुमालवाला आनला. धुमाल म्हन्जे आमच्याकडे गाडीवर कॅसिओ अन् ढोल बांधून वरातीपुढं वाजवतात ती पार्टी. त्या बाप्याले हार्ड रॉक म्हन्जे काय ते ठाऊक नोतं. त्यानं जीवनची गिटार ऐकली, मान हलवली, अन् हाताखाली जो ठेका होता तो ठोकून देल्ला. मी जीवनले बाजूले नेऊन म्हटलं, “आपल्या गान्याचा यानं सत्यानाश केला.” जीवनच्या डोयात पानी होतं. आमाले वाटलं होतं का ह्या गान्यानं महाराष्ट्र हादरीन, अन् झालं ते वरातीचं गानं.

सिनेमा लागला. दोन-तीन दिवस चालला असं किसनराव म्हनत, टॉकिजवाले वेगळं सांगत. माहं गानं अगदी शेवटी. आता आपल्या लोकाईले तुमी वळखता. हिरोनं शेवटची बुक्की मारली का सगळे उठले, स्टँडवरून सायकल काढाले पळाले. पहिल्या खेळाले गानं पुरं ऐकनारे दोघंच, मी अन् झाडूवाली बाई. तिनं मले पाय वर घ्याले सांगतलं.

आता हे गानं तिथंच मराचं. पन किसनरावांच्या घरी कॅसेटचे खोके पडून होते. विकल्या नाई त्या. मंग ते जिथं लाउडस्पीकर लावत, तिथं तीच कॅसेट लावत. बारसं असो, उद्घाटन असो, एखाद्याची तेरवी असली तरच थांबत. लोकं कंटाळले होते. अन् मंग दर्यापूरकडच्या एका शंकरपटात एक बैल बसला.

शंकरपट म्हन्जे आमच्याकडची बैलजोड्याईची शर्यत. मैदान गच्च भरलेलं. सगळ्यात नावाजलेली जोडी सुटली, अन् अर्ध्यात येऊन त्यातला एक बैल खाली बसला. मालकानं त्याच्या तोंडावर पानी मारलं, पाठीवर हात फिरवला, कानात काहीबाही सांगतलं. बैल ढिम्म. माईकवर किसनराव स्वतः होते. त्याईले काय सुचलं कोन जाने, त्याईनं माहं गानं लावलं. ‘मी हटत नाई, मी हटत नाई.’ सारं मैदान पोट धरून हासलं. पोट्टे धावत गेले अन् बैलाच्या बाजूले बसकन मारून बसले. गानं संपलं का ओरडत, पुन्हा लावा. मी तिथंच होतो, जॅकेट घालून. एवढ्या मेहनतीनं हार्ड रॉक केला, अन् त्याचा पहिला हिरो एक बसका बैल निंघाला.

पन त्या दिवसापासून गानं सुटलं. कबड्डीवाल्याईनं घेतलं, कारन रेडरले धरून ठेवाले ते बरोबर बसे. मोर्चेवाल्याईनं घेतलं. धुमालवाल्याईले तं घ्यावंच लागलं, ठेका त्याईचाच होता. ज्या ठेक्यासाठी मी त्या बाप्याले शिव्या देल्ल्या, त्याच्याच खांद्यावर बसून गानं गावोगाव फिरलं. अन् मी ज्या आवाजाची माफी मागत होतो, त्यालेच लोकं म्हनत, ‘काय खर्जातला आवाज आहे बे.’ आता खरं सांगतो, तसा आवाज मले नंतर कधीच काढता आला नाई. मी घरात दार लावून प्रयत्न केले. शेजारचे म्हनले, नळाले हवा येऊन राह्यली काय.

वरातीत तं त्या गान्याले रिवाजच लागला. त्याले ‘बसका’ म्हनतात. वरात मांडवाच्या दारात आली का हे गानं लागते, अन् नवरदेवाकडचे पोट्टे रस्त्यावर फतकल मारून बसतात. मंग नवरीकडच्याईनं येऊन एकेकाले हाताले धरून उठवाचं. उठवलेला मानूस चार उड्या मारते अन् पुन्हा बसते. नवरीकडच्याईनं रागावाचं नाई, हात जोडून हासाचं.

गानं राह्यलं, पन गानाऱ्याचं नाव पुसल्या गेलं. कॅसेट गेल्या, मोबाईल आले, त्यात गान्याच्या नावाऐवजी ‘हटत नाई धुमाल मिक्स’ एवढंच. आमच्या ऑफिसच्या खिडकीत पोट्टे येतात, खिशात हेच गानं वाजते. मी एखाद्याले म्हनतो, “हे कोनी गायलं माहीत आहे काय?” तो म्हनते, “सर, बोनाफाईड भेटीन का नाई तेवढं सांगा.” एकदा पानठेल्यावर एका जानकारानं सांगतलं, “तो गायक वारला बिचारा. दारूनं गेला.” मी घरी येऊन बायकोले हे सांगतलं. ती पोळ्या लाटत होती. म्हने, “मंग कपाटातलं ते जॅकेट आता देऊन टाका कोनाले.”

खोटं कायले बोलू, मले हे लागे. एकदा तरी, चार लोकाईत, कोनी म्हनावं का हा तो मानूस. बस, एवढीच हौस. अन् त्या हौसेपायी मी माह्या पोरीचं लग्न अन् नोकरी, दोन्ही एकाच दिवशी बुडवाले निंघालो होतो.

पोरगी आकांक्षा. एकुलती एक. राजापेठेत क्लास लावून, अभ्यासिकेत सकाळपासून बसून तिनं एका सरकारी परीक्षेची तयारी केली होती. पहिली पायरी ती पास झाली. दुसरी, शेवटची परीक्षा राह्यली होती, अन् वयाच्या अटीमुळं तिच्यासाठी ही शेवटची संधी होती. लग्न ठरलं अकोल्याच्या रोहितशी. पोरगा शाळेत मास्तर, कमी बोलनारा. तारीख काढली तेव्हा परीक्षा होऊन जानार होती. मंग परीक्षा पुढं गेली. मंग अजून पुढं गेली. अन् शेवटी जी तारीख आली, ती नेमकी लग्नाची.

हॉल बुक, पत्रिका वाटलेल्या, कोनाले काही सुचेना. पन रोहितचे वडील खुशालराव मोठ्या मनाचे. ते म्हनले, “इवाई, आपल्यात मुहूर्ताची भानगड नाई. सकाळी नवाले वंदना घेऊ, लग्न लावू. पोरगी पेपरले जाईन. पंगत तिच्या मांगं बसू द्या.” परीक्षेच्या केंद्राचं गेट बाराले बंद होनार होतं. हिशोब बसला. आकांक्षानं मले बाजूले घेतलं.

“बाबा, बाकी सगळं आई पाहून घेईन. तुमी फक्त एकच पाहा. वरात दारात नाचत बसली नाई पाहिजे.”

“तू बिनघोर राय,” मी म्हनलं.

अन् मी, तिचा बाप, धुमालवाल्या बंडूकडं गेलो. वरात आमच्याच गावात फिरनार म्हनून पार्टी मीच ठरवली होती. त्याले म्हनलं, “हे पाय बंडू, दारात ‘हटत नाई’ एकदाच वाजवजो. एकदाच. पन वाजवाच्या आधी माईकवर सांगजो, का ह्या गान्याचे मूळ गायक दुसरे तिसरे कोनी नाई, नवरीचे वडील आहेत.”

बंडूनं माह्याकडं वरून खालपोत पाह्यलं. “काका, मूळ गायक वारला नं?”

“तू सांगजो फक्त.”

लग्नाच्या दिवशी वरात वेळेवर आली. मी बडनेरा रोडवरच्या हॉलच्या दारात फेटा बांधून, हात जोडून उभा. छाती धडधडून राह्यली होती, अन् ती काई पोरीच्या लग्नापायी नाई, हे सांगाले आता लाज वाटते. बंडूची गाडी दारात आली. त्यानं माईक घेतला, काहीतरी बोलला. त्याच वेळी जनरेटर भडभडला अन् त्याचं बोलनं त्यात गेलं. अन् गानं सुरू झालं.

नवरदेवाकडचे पोट्टे बसले. मी हासत गेलो, एकाले उठवलं. तो उड्या मारून पुन्हा बसला. दुसऱ्याले उठवलं, तोई बसला. गानं संपलं. “पुन्हा लाव,” असा गलका झाला अन् बंडूनं पुन्हा लावलं. त्याच्या गाडीपुढं वीस-पंचवीस जन फतकल मारून बसलेले, तो तरी काय करीन. मंग तिसऱ्यांदा. मंग मी मोजनं सोडलं, घड्याळात अकरा वाजत आले. मी एकाच्या कानात म्हनलं, “बापा, पोरीची परीक्षा आहे.” त्याले ऐकू गेलं नाई, त्यानं मलेच धरून नाचवलं. मी म्हनलं, “हे गानं मीच गायलेलं आहे, मी सांगून राह्यलो, बंद करा.” तो म्हने, “हो मामा, अन् ढोल मी वाजवला.”

वर पाह्यलं तं हॉलच्या खिडकीत आकांक्षा उभी. पांढरी साडी, केसात गजरा. ती रागात नोती. नुसती पाहून राह्यली होती, बंडूच्या गाडीकडं, मंग मनगटावरच्या घड्याळाकडं. तिनं एवढे वर्षं अभ्यासिकेत मान मोडली, अन् मी एका घोषनेसाठी तिच्या रस्त्यात हे गानं आनून बसवलं. बाप म्हनून मले माहीच घिन आली.

मी बंडूच्या गाडीवर चढलो. म्हनलं, “बंद कर. सगळं बंद कर, ढोलई.” त्याच्या हातातला माईक घेतला. डोस्क्यात एकच होतं, का आता मी गातो, ह्याईले कळीन का खरा मानूस कोन, अन् मी सांगीन तसे उठतीन. एवढं होऊनई अक्कल आली नोती, पाहा.

मी गायलो. ‘आभाळ कोसळो, भुई फाटो...’ अन् माह्या तोंडून जो आवाज निंघाला, तो शाळेत प्रार्थना म्हननाऱ्या पोट्ट्याचा. इतके वर्षं ना बिडी, ना तंबाखू, घसा धुतल्या भांड्यासारखा साफ. बारीक, थरथरता आवाज त्या भल्या मोठ्या भोंग्यातून रस्ताभर गेला. त्याच्यावर नाचनं कोनाच्या बापाले जमलं नसतं. ‘मी हटत नाई’वर तं आवाज फाटलाच, अर्ध्यात तुटला. मले पुढं गाताच येईना. समोर खिडकीतली पोरगी दिसून राह्यली होती.

बसलेले पोट्टे तोंड उघडे टाकून पाहून राह्यले. तेवढ्यात रोहितची आत्या बेबीताई गर्दीतून पुढं आली. कमरेवर हात ठेवून म्हनली, “लाजा नाई वाटत काय बे? पोरीच्या बापाले रस्त्यावर रडवलं तुमी. उठा अन् आत चला.”

मी माईकवर सांगनार होतो का बाई, हे रडनं नाई, हे हार्ड रॉक आहे. पन गालाले हात लावला तं ओला. पोट्टे खरंच उठले. पँटी झटकल्या, मान खाली घालून आत गेले. दोघा जनाईनं तं मलेच बगलेत हात घालून गाडीवरून उतरवलं. “मामा, रडू नका. आमी पोरीसारखी सांभाळू,” एक जन म्हने. ह्यालेच मी घडीभरापूर्वी ‘गानं माहं आहे’ म्हनून सांगत होतो.

भंतेजींनी वंदना घेतली, लग्न लागलं. मायानं माह्याकडं पाह्यलंच नाई, तिले बंडूनं सगळं सांगतलं होतं. हार घालून झाले का आकांक्षा उठली. साडी तीच, पायात फक्त चप्पल बदलली. रोहितनं दोस्ताची मोटरसायकल घेतली, मांगं ती बसली, अन् त्याईच्या मांगं माह्या स्कूटीवर मी, फेट्यासकट. राजापेठेच्या चौकात लोकं पाहून राह्यले. नवरीच्या मांगं पळनारा म्हातारा पाहून एकानं विचारलं का पोरगी पळून चालली काय.

केंद्राच्या गेटवर चौकीदारानं दाराले हात घातला होता. आकांक्षा उतरली. ओळखपत्र काढलं, पेन काढला, अन् माह्याकडं वळली. मी काई तरी बोलाले तोंड उघडलं. माफीच मांगाची होती.

“बाबा, आवाज लय बेकार आहे तुमचा,” ती म्हनली. तिच्या डोयात पानी होतं. “पन मी टायमात पोचली.”

ती आत गेली. गेट बंद झालं. बाहेर राह्यलो आमी दोघं, मी अन् जावई. बाकीचे मायबाप झाडाखाली सावलीले गेले. मी गजाले धरून उभा. आत तीन इमारती, अन् पोट्ट्याईच्या गर्दीत तिची पांढरी साडी दिसे, लपे.

रोहित मोटरसायकल स्टँडवर लावून जवळ आला. खालच्या आवाजात म्हनला, “बाबा, एक विचारू काय? ते गानं... ते खरंच तुमीच गायलं होतं?”

“थांब नं बापा जरा,” मी म्हनलं. “ती कोनत्या इमारतीत गेली तेवढं पाहू दे.”